उबदार पाण्याबरोबर आलेले

२००६च्या हिवाळ्यात कोंग्सफ्योर्ड नेहमीसारखा गोठला नाही.

नॉर्वेच्या मुख्य भूमीपासून बरंच उत्तरेला स्वालबार्ड नावाचा द्वीपसमूह आहे. त्यातल्या स्पिट्सबर्गन या सर्वांत मोठ्या बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ७९ अंश उत्तर अक्षांशाजवळ, हिमनद्यांनी कोरून काढलेली सुमारे वीस किलोमीटर लांबीची ही खाडी. तिचा आतला भाग हिवाळ्यात बर्फाखाली जायचा आणि ते आवरण वसंत ऋतूपर्यंत टिकायचं. त्या वर्षी मात्र भर जानेवारी-फेब्रुवारीत तिथल्या समुद्राचं तापमान शरद ऋतूत शोभावं असं होतं. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तिथे सूर्य क्षितिजावर येतच नाही. त्यामुळे ही ऊब उन्हाची असणं शक्य नव्हतं. ती समुद्राच्या वाटेने, पाण्याच्याच रूपात आली होती.

ध्रुवीय प्रदेश तापतोय असं वाचलं की आपल्या डोळ्यांसमोर वितळणारा बर्फ आणि त्यावर अडकलेलं अस्वल उभं राहतं. हे चित्र खोटं नाही, पण त्यामुळे पाण्यातली घडामोड नजरेआड राहते. ध्रुवाजवळच्या किनाऱ्यांवर समुद्र नुसता जागच्या जागी तापत नाही. दुसरीकडे तापलेलं पाणी तिथे येऊन पोचतं, आणि येताना आपल्यातले जीव घेऊन येतं. तापमापकात दोन-तीन अंशांचा फरक दिसतो तेव्हा खाली खाडीची सगळी वस्तीच बदलू लागलेली असू शकते. ही वस्ती म्हणजे प्लवक: प्रवाहाबरोबर वाहत राहणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, प्राणी आणि मासे-शिंपल्यांची अगदी लहान पिल्लं. आर्क्टिकचा सगळा जीवनव्यवहार त्यांच्यावर उभा आहे, म्हणून या लेखात अस्वलाला जागा नाही.

दोन प्रवाह आणि मधली सीमा

अटलांटिक महासागराचं उबदार, खारट पाणी नॉर्वेच्या किनाऱ्याने उत्तरेला सरकत असतं. पुढे त्याचा एक फाटा बॅरेंट्स समुद्राकडे वळतो. दुसरा फाटा स्पिट्सबर्गनच्या पश्चिमेने, खंडान्त उताराची कड धरून, फ्राम सामुद्रधुनीतून आर्क्टिक महासागरात शिरतो. याला पश्चिम स्पिट्सबर्गन प्रवाह म्हणतात. फ्राम सामुद्रधुनीत १९९७पासून नांगरून ठेवलेल्या उपकरणांच्या नोंदींवरून या प्रवाहातून सेकंदाला सरासरी सुमारे ६६ लाख घनमीटर पाणी जातं. अ‍ॅमेझॉनसारख्या तीस नद्या एकत्र केल्या तरी हा आकडा गाठता येत नाही. त्याच नोंदींनुसार १९९७ ते २०१० या काळात इथल्या अटलांटिक पाण्याचं सरासरी तापमान वर्षाला ०.०६ अंश सेल्सिअसने वाढलं. आकडा किरकोळ वाटतो, पण तो एवढ्या पाण्याला लागू आहे.

हे पाणी उत्तरेत पोचतं ही गोष्ट नवी नाही. फ्रिट्यॉफ नानसेन १८९३ ते १८९६ या काळात आपलं ‘फ्राम’ जहाज मुद्दाम बर्फात अडकवून घेऊन आर्क्टिकभर वाहत गेला, तेव्हाच त्याला थंड पाण्याच्या थराखाली शून्य अंशाहून उबदार पाण्याचा जाड थर सापडला होता. अटलांटिकचं पाणी जास्त खारट, म्हणून जड. पुढे उत्तरेत ते गोड्या, थंड थराखाली बुडी मारतं आणि त्याची ऊब वरच्या बर्फापर्यंत सहसा पोचत नाही.

स्पिट्सबर्गनच्या पश्चिम किनाऱ्यावर आणखी एक प्रवाह आहे आणि आपल्या विषयात तो फार महत्त्वाचा आहे. बॅरेंट्स समुद्राकडून येणारं थंड, कमी खारट पाणी बेटाच्या दक्षिण टोकाला वळसा घालतं आणि किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळावरून, म्हणजे भूखंडमंचावरून, उत्तरेकडे वाहतं. म्हणजे एकाच दिशेने जाणारे दोन प्रवाह: बाहेरच्या उतारावर उबदार अटलांटिक, आत किनाऱ्याशी थंड आर्क्टिक. दोघांच्या घनतेतल्या फरकामुळे मध्ये एक सीमा तयार होते आणि एरवी उबदार पाण्याला खाड्यांत सहज शिरू देत नाही. खाड्यांमध्ये आर्क्टिक जीव टिकून राहिले ते या सीमेच्या आडोशाने.

२००६ साली वाऱ्याने ही सीमा मोडली. किनाऱ्याला समांतर, उत्तरेकडून, वारा दीर्घकाळ वाहत राहिला. पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेलं पृष्ठभागाचं पाणी त्याच्या उजव्या हाताला सरकतं. स्पिट्सबर्गनच्या पश्चिम किनाऱ्यावर उजवा हात म्हणजे भर समुद्र. वरचं थंड पाणी बाहेर गेलं आणि त्याची जागा घ्यायला उतारावरचं अटलांटिक पाणी भूखंडमंचावर चढलं. फिन्लो कॉटियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही घटना २००७ साली सविस्तर मांडली. कोंग्सफ्योर्डच्या मुखाशी पाण्याखाली उंबरठा नाही. उलट एक खोल चर थेट भूखंडमंचाच्या कडेपर्यंत गेलेला आहे, त्यामुळे एकदा मंचावर चढलेल्या पाण्याला आत यायला आडकाठी राहिली नाही.

एखाद्या वर्षाचा अपवाद म्हणून हे विसरलं गेलं असतं, पण पुढेही खाडीतला बर्फ पूर्वीसारखा भरवशाचा राहिला नाही. बर्फ धरताना समुद्राचं पाणी आपलं मीठ खाली टाकतं, त्यामुळे खाडीतलं पाणी जड होतं आणि बाहेरच्या पाण्याला अडवायला मदत होते. बर्फच कमी झाला की ही मदतही कमी होते. एका उबदार हिवाळ्याने पुढच्या उबदार हिवाळ्याची वाट सोपी केली. शास्त्रज्ञ आता या सगळ्याला अटलांटिकीकरण म्हणतात.

ऊब की वाहतूक?

दक्षिणेकडचे जीव उत्तरेत दिसू लागले की आपण पटकन म्हणतो, तापमान वाढलं म्हणून ते सरकले. माशांच्या बाबतीत हे बरंचसं खरं आहे, कारण मासा पोहतो. प्लवक मात्र प्रवाहाविरुद्ध जाऊ शकत नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी आधीचा प्रश्न वेगळा असतो. त्यांना तिथवर आणलं कोणी?

२०२० साली लॉरां ओझिएल आणि सहकाऱ्यांनी या प्रश्नाला उपग्रहांच्या मदतीने हात घातला. समुद्रपृष्ठाच्या उंचीच्या चोवीस वर्षांच्या मोजमापांवरून त्यांनी दाखवलं की युरोपच्या बाजूने आर्क्टिककडे जाणाऱ्या अटलांटिक प्रवाहाचा पृष्ठभागावरचा वेग काही ठिकाणी दुपटीपर्यंत वाढला आहे. मग त्यांनी एमिलियानिया हक्सलेयी या सूक्ष्म शैवालाचा माग काढला. याच्या पेशीभोवती चुन्याच्या चकत्या असतात. बहर आला की समुद्र दुधाळ निळा दिसतो आणि तो रंग अवकाशातूनही ओळखू येतो. हे समशीतोष्ण पाण्याचं शैवाल बॅरेंट्स समुद्रात उत्तरेकडे सरकलं ते मुख्यतः प्रवाहाने वाहून नेल्यामुळे. नुसत्या तापमानवाढीने त्याचा हिशेब लागत नव्हता.

मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. तो मान्य केला तर ध्रुवीय किनाऱ्यांचं भविष्य नुसत्या तापमानाच्या आलेखावरून वर्तवता येणार नाही. वारे, प्रवाहांचा वेग, समुद्रतळाचे चर, पाण्याची क्षारता या सगळ्यांवर नजर ठेवावी लागेल.

तेलाच्या पिशवीची गोष्ट

आता पाण्यात डोकावू. कोंग्सफ्योर्डमध्ये प्राणीप्लवक गोळा करायला एका चौकटीत बसवलेली पाच जाळी वापरतात. ती खोल सोडून वर ओढताना ठरलेल्या खोलीवर एकेक जाळं उघडतं आणि मिटतं, त्यामुळे कोण कुठल्या थरात होतं ते कळतं. वर आलेला गाळ बरणीत फॉर्मलिन घालून ठेवतात आणि मग कुणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास एकेक जीव ओळखत आणि मोजत बसतं.

त्या गाळात सर्वाधिक लक्ष जातं ते कॅलॅनस नावाच्या कॉपेपॉडकडे. कोळंबी-खेकड्यांचाच हा दूरचा नातलग, पण जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा. शरीर पारदर्शक. डोक्यापासून दोन बाजूंना फुटलेल्या लांब मिशा जवळजवळ अंगाइतक्याच लांब. आणि शरीराच्या आत, लांबीभर पसरलेली, चकाकणारी तेलाची पिशवी. हे तेल मेणासारख्या स्निग्ध पदार्थांचं असतं आणि चांगल्या पोसलेल्या प्राण्याच्या कोरड्या वजनात निम्म्याहून जास्त भाग त्याचाच भरतो. वसंतातले आणि उन्हाळ्यातले थोडे आठवडे एवढाच खाण्याचा हंगाम. तेवढ्यात ही पिशवी भरायची, खोल पाण्यात उतरायचं आणि उरलेलं वर्ष त्या साठ्यावर काढायचं, असा याचा जीवनक्रम.

या पाण्यात कॅलॅनसच्या तीन जाती भेटतात. हायपरबोरिअस सर्वांत मोठी, खोल आर्क्टिक पाण्यातली; तिच्या एका पिढीला अनेक वर्षं लागू शकतात. ग्लेशिअ‍ॅलिस मधली, आर्क्टिक भूखंडमंचावरची. तिला एक-दोन वर्षं पुरतात. फिनमार्चिकस सर्वांत छोटी, अटलांटिकमधली. तिचं जीवनचक्र वर्षात संपतं. दिसायला तिघी सख्ख्या बहिणी, पण तेलाच्या साठ्यात मोठी तफावत. एका पूर्ण वाढलेल्या ग्लेशिअ‍ॅलिसमध्ये फिनमार्चिकसच्या सुमारे दहापट स्निग्धांश असू शकतो.

अटलांटिकचं पाणी खाडीत शिरतं तेव्हा फिनमार्चिकसची संख्या वाढते आणि ग्लेशिअ‍ॅलिसचा वाटा घटतो. नॉर्वेची ध्रुवीय संस्था कोंग्सफ्योर्डमधल्या प्राणीप्लवकांच्या नोंदी १९९६पासून ठेवते आहे आणि पाण्याबरोबर होणारा हा चढउतार त्यांत दिसतो. बरणी पूर्वीइतकीच भरलेली दिसेल, संख्या कदाचित जास्तही भरेल, पण आत असलेलं तेल कमी असेल.

याचा फटका कुणाला बसतो ते पाहायचं तर छोट्या ऑक पक्ष्याकडे जावं लागतं. दीडशे-एकशेसाठ ग्रॅम वजनाचा, काळा-पांढरा, आखूड पंखांचा हा समुद्रपक्षी स्वालबार्डच्या दगडधोंड्यांच्या उतारांवर दहा लाखांहून अधिक जोड्यांच्या संख्येने घरटी करतो. वर्षाला एकच अंडं. पिल्लासाठी आई-बाप समुद्रात बुड्या मारून कॉपेपॉड पकडतात आणि गळ्याखालच्या पिशवीत साठवून आणतात. संशोधक परतणाऱ्या पक्ष्याला हलक्या हाताने धरून त्या पिशवीतला लालसर लगदा चमच्याने काढतात आणि त्यातले जीव मोजतात. पूर्व ग्रीनलंडमधल्या एका वसाहतीवर अ‍ॅन हार्डिंग आणि सहकाऱ्यांनी २००९ साली असा हिशेब मांडला, की एका पक्ष्याला दिवसाला सुमारे साठ हजार कॉपेपॉड लागतात. पाण्याखालच्या दर सेकंदाला सहा. आता प्रत्येक घासातलं तेल कमी झालं, तर हा पक्षी सेकंदाला किती घास वाढवू शकेल?

स्पिट्सबर्गनच्या दक्षिणेला हॉर्नसुंद फ्योर्डकडे थंड किनारी प्रवाह अजून जोरकस आहे आणि तिथल्या पक्ष्यांना ग्लेशिअ‍ॅलिस जवळ मिळते. उत्तर-पश्चिमेकडच्या, अटलांटिक पाण्याच्या प्रभावाखालच्या वसाहतींतले पक्षी बर्फाच्या कडेवरचं थंड पाणी गाठायला शंभर किलोमीटरहून जास्त अंतर उडून जाताना आढळले आहेत. जवळच्या काही फेऱ्या पिल्लासाठी आणि मध्येच एक लांबची फेरी स्वतःचं पोट भरण्यासाठी, अशी त्यांची विभागणी असते. लांबची फेरी आणखी लांबली की घरट्यातलं पिल्लू ताटकळतं.

वेळेचं गणित

वसंत ऋतूतला घोटाळा याहून नाजूक आहे. समुद्री बर्फाच्या खालच्या अंगाला शैवाल वाढतं. बर्फातून झिरपणारा अंधूक उजेड त्याला पुरतो, म्हणून त्याचा बहर लवकर येतो. मोकळ्या पाण्यातल्या शैवालाचा बहर बर्फ फुटल्यावरचा. स्वालबार्डच्या उत्तरेकडच्या राइप्फ्योर्डमध्ये २००७ साली हे दोन बहर अगदी स्पष्ट वेगळे होते: बर्फातला एप्रिलच्या अखेरीस आणि पाण्यातला जुलैच्या सुरुवातीला. यान्ने सोरेइडे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ग्लेशिअ‍ॅलिसच्या माद्या पहिल्या बहरावर पोसतात आणि अंडी घालतात. पिल्लं खाण्याच्या वयाची होईतो दुसरा बहर येतो. दोन महिन्यांचं हे अंतर त्या जातीच्या पिढ्या चालवतं.

बर्फ धरलाच नाही तर पहिलं जेवण नाहीसं होतं. बर्फ लवकर फुटला तर दोन्ही बहर एकमेकांना येऊन भिडतात आणि पिल्लं मोठी होण्याआधीच पंगत उठते. ग्लेशिअ‍ॅलिस अगदीच हतबल नाही. साठवलेल्या तेलावरही ती अंडी घालू शकते आणि कोंग्सफ्योर्डसारख्या ठिकाणी अजून तग धरून आहे. पण तिची लवचीकता अमर्याद आहे असं मानायला आधार नाही.

वनस्पतीप्लवकांमध्येही फेरफार होतो. ध्रुवीय वसंताचा मान डायटमांचा. सिलिकेच्या कवचातली ही शैवालं कॉपेपॉडना मानवतात. बहर ओसरला की त्यांचे जड बीजाणू तळाच्या चिखलात जाऊन बसतात आणि हिवाळ्यात थंडावलेलं पाणी वरपासून खालपर्यंत घुसळलं गेलं की पुन्हा उजेडाकडे येतात. एल्से हेगसेट आणि विग्डिस ट्वेर्बर्ग यांनी २०१३ साली कोंग्सफ्योर्डच्या नोंदींवरून अशी मांडणी केली, की अटलांटिक पाणी हिवाळ्यात कसं आणि कुठल्या थरातून शिरतं यावर हे बीजाणू वर येणार की नाही ते ठरतं. काही उबदार वर्षांत बहर उशिरा आला आणि डायटमांऐवजी फिओसिस्टिस या शैवालाचा जोर दिसला. फिओसिस्टिस बुळबुळीत गोळ्यांच्या वसाहती करून राहतं. कॉपेपॉड ते खातात, पण डायटमांइतकं ते त्यांना पचनी पडत नाही असं बरेच अभ्यासक मानतात. शिवाय ते भरपूर गंधकयुक्त संयुगं तयार करतं. त्यांतून निघणारा वायू हवेत जाऊन ढगांच्या निर्मितीला हातभार लावतो. म्हणजे खाडीत कुठलं शैवाल फुललं याचा संबंध आकाशापर्यंत जातो.

शंका घेणारे

इथवर वाचून आर्क्टिकच्या अन्नसाखळीचा शेवट जवळ आला असं कुणाला वाटेल. तसं म्हणायची मला घाई नाही. पॉल रेनॉ आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली या ठोकताळ्यालाच आव्हान दिलं. छोटी जात म्हणजे कमी तेल हे खरं, पण छोटी जात लवकर वाढते, तिच्या पिढ्या भराभर होतात. एकेका जिवातलं तेल मोजण्यापेक्षा वर्षभरात एकूण किती तेल तयार झालं ते पाहिलं तर तूट भरूनही निघू शकते, असं त्यांचं म्हणणं. मासे आणि लहान जीव गाळून खाणाऱ्यांपुरतं ते मला पटतं. छोट्या ऑकसारख्या, एकेक घास टिपून पकडणाऱ्या पक्ष्याला मात्र एकूण बेरजेचा फारसा दिलासा नाही.

दुसरी शंका अधिक मुळावर घाव घालणारी होती. ग्लेशिअ‍ॅलिस आणि फिनमार्चिकस सूक्ष्मदर्शकाखाली वेगळ्या ओळखायच्या कशा, तर वर्षानुवर्षं शरीराच्या लांबीवरून. अमुक मिलिमीटरच्या वर असेल तर ही, खाली असेल तर ती. मार्विन शोके आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली जनुकीय तपासणीने दाखवलं की दोन्ही जातींच्या लांबीचे पट्टे एकमेकांत चांगलेच मिसळतात. ग्लेशिअ‍ॅलिसच्या मिशांवरचा लाल रंग ही खूणही सगळीकडे भरवशाची ठरली नाही. लहान आकाराच्या कितीतरी ग्लेशिअ‍ॅलिस आजवर फिनमार्चिकस म्हणून मोजल्या गेल्या होत्या. याचा अर्थ अटलांटिकीकरण झालंच नाही असा नाही. पाण्याचं तापमान, क्षारता आणि इतर जीवांच्या नोंदी एकाच दिशेला बोट दाखवतात. पण ‘फिनमार्चिकसची संख्या वाढली’ असं सांगणारा जुना आकडा आता नव्याने तपासून घ्यावा लागतो.

इतर जीवांची साक्ष मजबूत आहे. २००४ साली कोंग्सफ्योर्डच्या दक्षिणेला, इसफ्योर्डच्या मुखाजवळ, निळे शिंपले जिवंत सापडले. कोकण-गोव्यात शिणाणे म्हणून जे शिंपले खाल्ले जातात त्यांच्याच कुळातले हे. स्वालबार्डमधून ते सुमारे हजार वर्षांपूर्वी नाहीसे झाले होते. शिंपला चालत येत नाही, पण त्याची अळी प्लवक असते आणि काही आठवडे प्रवाहात वाहू शकते. उबदार पाण्याच्या जोरदार लोंढ्याबरोबर अळ्या नॉर्वेच्या किनाऱ्यावरून आल्या आणि या वेळी रुजल्या. त्याहून आश्चर्याची गोष्ट निओडेंटिक्युला सेमिने या डायटमची. हे पॅसिफिकमधलं शैवाल उत्तर अटलांटिकमधून आठ लाख वर्षांपूर्वी नामशेष झालं होतं. १९९९ साली लॅब्राडोर समुद्रात व्यापारी जहाजांमागे ओढल्या जाणाऱ्या प्लवक-नोंदणी यंत्रात ते पुन्हा मिळालं. आर्क्टिकमधला बर्फ हटल्यावर पॅसिफिकचं पाणी त्याला पलीकडे घेऊन आलं असावं, असा अभ्यासकांचा अंदाज. ते यंत्र अ‍ॅलिस्टर हार्डी यांनी १९२०च्या दशकात बनवलेलं आणि त्याची नियमित पाहणी १९३१पासून सुरू आहे. इतकी जुनी नोंद हाताशी नसती तर हे डायटम नवं आहे हे कळलंच नसतं.

आलेला प्रत्येक जीव टिकेलच असं नाही. पाणी कितीही उबदार झालं तरी ७९ अंशांवरचा उजेड बदलत नाही. चार महिने रात्र, चार महिने दिवस. अंधारात सगळं निपचित पडत असेल असा पूर्वी समज होता. तो खोटा ठरला आहे. ध्रुवीय रात्रीतही प्राणीप्लवक वर-खाली ये-जा करतात आणि किम लास्ट व सहकाऱ्यांनी २०१६ साली दाखवल्याप्रमाणे ही ये-जा चंद्राच्या उगवण्या-मावळण्याला जुळून २४.८ तासांच्या तालावर चालते. पौर्णिमेच्या सुमारास ते अधिक खोल, पन्नास मीटरच्या आसपास उतरतात. चांदण्यात दिसलं की शिकारी गाठणार, एवढं साधं त्यामागचं कारण. दक्षिणेहून आलेल्या जिवांना या लांब रात्रीशी जमवून घेता येईल का, यावर त्यांचा मुक्काम ठरेल.

खाडीच्या आतल्या टोकाला क्रोनेब्रेनसारख्या हिमनद्या थेट समुद्रात उतरतात. त्यांच्या पायथ्याशी सुटणारं गोडं पाणी वर उसळताना खोल पाण्यातले जीव आणि पोषकद्रव्यं वर आणतं. क्षारता एकदम घटल्याने तिथे कॉपेपॉड मरतात वा लुळे पडतात आणि किटिवेक पक्ष्यांची झुंबड उडते. उबदार पाण्याने हिमनदीचं तोंड झिजत झिजत ती जमिनीवर मागे सरकली, की हे उसळणं थांबेल आणि पंगतही. हे होईपर्यंत मात्र तिथे मुबलक खाणं दिसेल, आणि म्हणूनच एका उन्हाळ्याच्या निरीक्षणावरून काही ठरवू नये.

दक्षिण ध्रुवाकडेही असंच नाट्य वेगळ्या पात्रांनिशी चालू आहे. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पश्चिमेला खोल समुद्रातलं तुलनेने उबदार पाणी भूखंडमंचावर चढतं, किनारी बर्फाचा हंगाम आखडला आहे आणि क्रिलचं वास्तव्य दक्षिणेकडे सरकल्याचं काही अभ्यास सांगतात. इतर अभ्यासक ते आकडे मान्य करत नाहीत. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

गोव्याहून कोंग्सफ्योर्डला

या खाडीच्या काठी नी-ऑलेसुंद नावाचं गाव आहे. एकेकाळी ते कोळसाखाणींचं गाव होतं. १९६२ साली खाणीत स्फोट होऊन २१ कामगार गेले आणि पुढच्या वर्षी खाणी बंद झाल्या. आज तिथे अनेक देशांची संशोधन केंद्रं आहेत. त्यांत १ जुलै २००८ रोजी सुरू झालेलं भारताचं ‘हिमाद्री’ आहे. ते चालवणारं राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्र आपल्या शेजारी, गोव्यात वास्कोच्या हेडलँड सडा इथे आहे. जुलै २०१४मध्ये या केंद्राने आणि चेन्नईच्या राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेने मिळून ‘इंडआर्क’ ही पाण्याखालची नांगरलेली वेधशाळा कोंग्सफ्योर्डमध्ये १९२ मीटर खोलीच्या जागी उतरवली. वर्षभर, ध्रुवीय रात्रीतही, तापमान, क्षारता आणि प्रवाहांची मोजणी करणारी ही यंत्रणा नेमक्या त्या प्रश्नावर बसवलेली आहे, ज्यापासून हा लेख सुरू झाला: अटलांटिकचं पाणी केव्हा, किती आणि कुठल्या थरातून आत येतं. डिसेंबर २०२३पासून भारताच्या हिवाळी मोहिमाही तिथे सुरू झाल्या आहेत.

यंत्र पाण्याची ओळख सांगेल, पण त्या पाण्यात कोण आलं ते जाळं टाकल्याशिवाय आणि बरणीतले जीव मोजल्याशिवाय कळणार नाही. म्हणून इंडआर्कच्या शेजारी, त्याच जागी, त्याच पद्धतीने, हिवाळा धरून दर वर्षी प्लवकांचे नमुने घेतले गेले पाहिजेत आणि दशकानुदशकं ते खंडित होता कामा नये. त्यासाठी निधी लागेल, पण त्याहून जास्त माणसं लागतील. प्लवक जातिवार ओळखणारे लोक जगभर कमी होत चालले आहेत. जनुकीय तपासणी आली तरी कुठला जीव तपासायचा आणि निकाल कसा वाचायचा हे त्यांनाच कळतं. प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या ज्या मुलामुलींच्या हाती हा अंक पडेल, त्यांना माझी विनंती आहे: रत्नागिरी, मालवण, अलिबाग, पणजी, जिथे समुद्र जवळ असेल तिथलं बाटलीभर पाणी बारीक जाळीतून गाळून कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली एकदा बघा, त्यातल्या जिवांची नावं शोधायला लागा, आणि त्यात मन रमलं तर वास्कोच्या केंद्राचं दार ठोठावा.